विज्ञानकथेच्या शेवटावरून चाहते इतके का भांडतात?

विज्ञानकथेचा शेवट पटला नाही म्हणून चाहते वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर का येतात आणि खुद्द कर्त्याने खुलासा केल्यावरही वाद का मिटत नाही, असे तुम्ही विचारले आहे. नाशिकला गंगापूर रोडवर आम्हा काही वाचकांची बैठक जमते. तिथे असे वाद जवळून पाहून माझे जे मत झाले, ते मांडतो.

विज्ञानकथा आपल्या जगाचे नियम आधीच सांगून टाकते, त्यामुळे तिचा शेवट आवडला की नाही एवढ्यावर बोलणे थांबत नाही. तो शेवट त्या नियमांतून आला की लेखकाने वरून लादला, हे ताडून पाहता येते आणि खरी खडाजंगी तिथेच होते.

टॉम गॉडविन यांची १९५४ सालची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा घ्या. दूरच्या ग्रहावर तापाने आजारी पडलेल्या माणसांसाठी औषध नेणाऱ्या छोट्या यानात, भावाला भेटण्याच्या ओढीने, १८ वर्षांची एक मुलगी लपून बसते. इंधन अगदी मोजून भरलेले असते. तिचे वजन वाढल्यामुळे यान उतरताना कोसळणार असते, म्हणून अखेर तिला अवकाशात, मृत्यूच्या हवाली करावे लागते. गॉडविन मुलीला वाचवण्याच्या युक्त्या शोधत राहिले आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवत राहिले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

निसर्गनियमांना दयामाया नसते, हेच या कथेचे मर्म, असे आमच्यापैकी काहींचे म्हणणे. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना मात्र ते मुळीच मान्य नाही. “राखीव इंधनाशिवाय यान सोडलेच कसे? आणि दाराला कुलूप का नाही?” असे ते तळमळीने विचारतात. कथेत खरोखरच प्रवेश बंद असल्याची नुसती पाटी आहे. मग कुणीतरी पुस्तक पुन्हा उघडते आणि मुलगी लपली त्या कपाटाचे दार, वैमानिकाचे शस्त्र, असे काय काय बाहेर फेकता आले असते याचा हिशेब सुरू होतो. मला काकांचे म्हणणे पटते. मुलीचा जीव भौतिकशास्त्राने घेतलेला नाही, तो यान पाठवणाऱ्यांच्या व्यवस्थेने घेतला आणि कथा त्याचा दोष समीकरणाच्या माथी मारते. अर्थात राखीव इंधन दिले तर कथाच उरत नाही, या उत्तरातही तथ्य आहे.

कर्त्याच्या खुलाशाबद्दल सांगायचे तर, १९८२ च्या ‘ब्लेड रनर’चा नायक माणूस की कृत्रिम मानव, यावर दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी कृत्रिम मानव असा निर्वाळा दिला, तर ती भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड कित्येक वर्षे तो माणूसच असल्याचा आग्रह धरत होते. त्यात मूळचा सुखान्त १९९२ च्या आवृत्तीतून काढून टाकला गेला, त्यामुळे कोणता शेवट प्रमाण मानायचा यावरच एकमत होत नाही. माझ्या मते कर्त्याचा शब्द वजनदार असतो, पण पडद्यावर किंवा पानावर जे आहे त्याची जागा तो घेऊ शकत नाही.

२०२१ मध्ये नाशिकला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. त्या निमित्ताने आम्ही त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पुन्हा वाचली. मराठे पानिपत जिंकले अशा जगात जाऊन आलेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान दाखवतात, ज्यात विश्वासरावांना गोळी लागलेलीच नसते. हे पान नसते तर गूढ अधिक रंगले असते, असे काहींना वाटते. त्यावर आमच्याकडे आवाज चढतात, कारण १७६१ चा सल मराठी वाचकाच्या मनातून गेलेला नाही आणि ते पान त्याला फार हवेहवेसे वाटते. मी त्या पानाच्या बाजूने आहे, पण त्यामागे माझे कारण वेगळे आहे: इतिहासाच्या प्राध्यापकाने पुराव्याविना काही सांगितले असते, तर तो भास ठरला असता आणि पुढे येणाऱ्या शास्त्रीय उलगड्याला काही आधारच राहिला नसता.