झाडू, पावडर आणि १५५४ : तेलगळतीबद्दल वाचकांचे प्रश्न

जून लागला की माझ्याकडे फोटो यायला लागतात. काळी पावलं, काळी वाळू, एखादं काळं पडलेलं कुत्रं. फोटो नवे असतात, गोंधळ मात्र गेल्या वर्षीचाच. म्हणून यंदा एकत्र उत्तरं देते.

आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे आलेत. आसपास एकही जहाज बुडालेलं नाही. मग हे आले कुठून? (हरमल)

त्यासाठी जहाज बुडावं लागत नाही. भर समुद्रात टँकर टाक्या धुतात, कुठे समुद्रातली तेलविहीर किंवा तेलवाहिनी गळते. सुटलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेलं घट्ट होत जातं आणि नैर्ऋत्येचे वारे ते आपल्या दारात आणून टाकतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यातल्या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवली आहे. काही टँकरच्या धुण्यातले होते, काही मुंबई हायच्या तेलाशी जुळणारे. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर एखाद्या कंपनीचं नाव फिरवू नका. गोळा स्वच्छ काचेच्या बरणीत ठेवा, वर तारीख आणि जागा लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पिशवीतली रसायनं नमुन्यात उतरतात.

पायाचं डांबर रॉकेलने काढलं तर चालेल का? (दादर)

नाही. खोबरेल चोळा, मग साबण लावा. पुरळ उठलं तर डॉक्टरांना दाखवा.

तवंग दिसला तर कळवायचं कुणाला? एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. (वेंगुर्ला)

तटरक्षक दलाला, १५५४ वर. समुद्रातल्या तेलगळतीच्या राष्ट्रीय आराखड्यात समन्वयाचं काम त्यांच्याकडे आहे. तहसीलदारांना त्यानंतर कळवा. वेळ, जागा, वाऱ्याची दिशा आणि रंग सांगा. इंद्रधनुषी थर अगदी पातळ असतो, काळा किंवा तपकिरी असेल तर तेल जाड आहे. 'उद्या सकाळी नीट बघून सांगू' असं करू नका. तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने सरकतो. ताशी ३५ किलोमीटरचा वारा असेल तर तासाला जवळपास एक किलोमीटर, प्रवाहाची ओढ वेगळीच. तुमची झोप होईपर्यंत तो खाडीच्या तोंडाशी पोचलेला असतो.

एक एजंट तेल 'खाणारी' पावडर विकायला आला होता. बादलीत प्रयोग करून दाखवला, तेल गायब झालं. ग्रामपंचायतीने घ्यावी का? (रत्नागिरी तालुका)

घेऊ नये. बादलीत तेल गायब होत नाही, फुटून पाण्यात मिसळतं किंवा तळाशी बसतं. तेल खाणारे जिवाणू असतात, हे खरं. पण ते सावकाश खातात, एजंटचा चहा संपेपर्यंत नव्हे. १९६७ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ 'टॉरी कॅन्यन' ही टँकर फुटली, तेव्हा तेलावर कडक डिटर्जंट ओतली गेली. किनाऱ्यावरची जीवसृष्टी तेलापेक्षा त्या डिटर्जंटांनीच जास्त मारली. आजची विसर्जक (तेल फोडून पाण्यात मिसळणारी) रसायनं सौम्य आहेत, तरी उथळ पाण्यात, खाडीत आणि कांदळवनाजवळ ती वापरायची नसतात, आणि तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय कुठेच नाही. एजंटकडे परवानगीचं पत्र मागा. तो परत येणार नाही.

आमच्या युवक मंडळाची ऐंशी मुलं तयार आहेत. तेल आलं तर काय साहित्य घेऊन ठेवावं? (श्रीवर्धन)

झाडू. हसू नका, गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत आले आहे आणि लोक दरवेळी तेल अडवणाऱ्या तरंगत्या बांधाची किंमत विचारतात. (तो बांध आडवा धरला तर पाऊण नॉटच्या, म्हणजे ताशी जेमतेम दीड किलोमीटरच्या, प्रवाहातच तेल त्याच्या खालून निसटतं. आपल्या खाड्यांची ओहोटी तुम्हाला ठाऊक आहे.)

तुमच्या भरतीच्या रेषेवर आत्ता काय पडलंय? थर्माकोल, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, निर्माल्य. तेल येण्याआधी उचललं तर तो साधा कचरा आहे, घंटागाडी नेते. तेल लागल्यावर तोच घातक कचरा होतो आणि कुणीच नेत नाही. म्हणून तवंगाची बातमी आली की पहिल्या तासांत किनारा झाडून कचरा उधाणाच्या रेषेच्या वर न्यायचा.

त्यात जहाजाचं जड इंधन पाणी शोषून तिप्पट-चौपट फुगतं. वरून कुणीतरी हौसेने जेसीबी आणतो आणि बोटभर तेलाखालची हातभर वाळू उचलतो. एका गावात मी हे पाहिलंय. ढीग एवढा झाला की ठेवायला जागाच नव्हती, मग रात्रीत वाळूतच खड्डा काढून पुरला. पुढच्या पावसाळ्यात समुद्राने खड्डा उघडला, आणि गावाने पुन्हा मला फोन केला!

तेव्हा तयारी म्हणजे हिवाळ्यातच तहसीलदार आणि प्रदूषण मंडळाबरोबर जागा ठरवून लेखी घेणं. विहिरीपासून दूर, तळाला जाड ताडपत्री, वर छप्पर. त्याला एक अर्ज लागतो आणि तेवढाच कुणी करत नाही. तेल आल्यावर अधिकारी सांगतील तेव्हाच हातमोजे, गमबूट घालून फावड्याने वरवरचा थर काढायचा. वास उग्र असेल तर मुलं लांब. तिवरांत तर पायच टाकू नका. श्वासमुळं मोडतात आणि तेल चिखलात खोल जातं, म्हणून आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारा.

वाहून आलेले डबे, कंटेनरही उघडू नका. मे २०२५ मध्ये कोचीजवळ बुडालेल्या 'एमएससी एल्सा ३' वर ६४० कंटेनर होते. त्यातल्या बारांत कॅल्शियम कार्बाइड होतं, ज्याला पाणी लागलं की ज्वालाग्राही वायू सुटतो.

तेल आल्यावर मासे खावेत का? (उरण)

भर समुद्रातला, तवंगापासून लांबचा मासा सहसा चालतो. मासा पळू शकतो आणि त्याचं यकृत तेलातली बरीच विषं मोडतं. तिसऱ्या, कालवं हे शिंपले मात्र जागच्या जागी पाणी गाळतात आणि विष धरून ठेवतात. तपासणी होईपर्यंत ती बंद. रॉकेलसारखा वास येणारं काहीही, कितीही कोकम घातलं तरी, खाऊ नका. केव्हा सुरू करायचं ते मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा, बाजारातल्या बातमीला नको.

डोल जाळी तेलाने गेली. भरपाई मिळते का? (अलिबाग तालुका)

मिळू शकते. टँकरमधल्या तेलासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, इतर जहाजांच्या इंधनासाठी दुसरा. दोन्हींत जहाजाची चूक सिद्ध करावी लागत नाही, तुमचं नुकसान मात्र सिद्ध करावं लागतं. तेल कुठल्या जहाजाचं, हेही ठरावं लागतं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' धडकल्या आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं, तेव्हा जहाज डोळ्यांसमोर होतं. दरवेळी ते असेलच असं नाही. म्हणून आजपासून लिलावाच्या चिठ्ठ्या, डिझेलची बिलं आणि बोटीची कागदपत्रं मच्छीमार सोसायटीत जपा. आधीच्या वर्षांची मासळी दाखवता आली नाही तर बुडालेली कशी मोजणार? दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. एकेकट्याने नको, सोसायटीमार्फत सागरी कायद्याच्या वकिलाला गाठा. आणि ते काळं झालेलं जाळं अजून जाळलं नसेल तर फोटो आणि पंचनामा होईपर्यंत तसंच ठेवा.