पायाची सूज आणि लिम्फोसिंटिग्राफी: मी करून घेतली आहे

तुम्ही विचारलंय की वडिलांचा एकच पाय वर्षभर सुजलाय, डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) नॉर्मल आलं, आता लिम्फोसिंटिग्राफी सांगितली आहे, म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून पायातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांचे फोटो काढायचे. पण घरात लहान बाळ आहे, तर ती किरणोत्सर्गी सुई द्यावी का?

माझं मत, द्या. मी निफाडकडचा द्राक्षवाला. माझा डावा पाय सुजला तेव्हा दीड वर्ष लघवीच्या गोळ्या खाल्ल्या. सूज हलली नाही, रात्री चारदा उठणं तेवढं पदरात पडलं. शेवटी नाशिकच्या एका डॉक्टरांनी अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी चिमटीत धरून बघितली. उजव्या पायाची आली, डाव्याची येईना. तिथं लसिकावाहिन्या तुंबल्याचा संशय आला.

सुई बोटांच्या बेचक्यात, कातडीखाली टोचतात. दोन्ही पायांना, कारण चांगला पाय शेजारी नसेल तर तुलना कशाशी करणार? मिनिटभर लाल मुंगळा डसल्यासारखी आग होते, खोटं कशाला सांगू. मग फोटो, मग व्हरांड्यात चालायचं, तासाभरानं पुन्हा फोटो, आणि नंतर अजून एकदा.

पडद्यावर उजव्या पायात एक बारीक रेघ सरळ वर गेलेली, जांघेत लसिकेच्या गाठी (त्या सगळ्यांनाच असतात) चमकत होत्या. डाव्यात रेघ पोटरीपर्यंत आली आणि पुढं नुसता डाग पसरलेला. ठिबकची नळी पुढं चोंदली की पाणी मागच्या सांध्यातून पाझरतं ना, अगदी तसं. रिपोर्टात याला ‘डर्मल बॅकफ्लो’ म्हणतात.

किरणांचं म्हणाल तर कॅमेरा किरणं सोडत नाही, पायातून येणारी टिपतो. सुईतला किरणोत्सर्गी पदार्थ, टेक्निशियम-९९एम, दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणजे २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो, आणि मुळात डोस अगदी थोडा. नातवाला त्या दिवशी मांडीवर घेऊ नका, एवढंच मला सांगितलं होतं. तुम्हीही तिथं विचारून घ्या. बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर मात्र आधीच सांगायला हवं.

एक लक्षात ठेवा, स्कॅन अडथळा दाखवतो, त्याचं कारण दाखवेलच असं नाही. गावात मला सगळे हत्तीपायच म्हणत होते. त्यासाठी रक्ताची तपासणी वेगळी करावी लागली.

आता माझ्या गोळ्या बंद आहेत, पट्ट्या आणि व्यायाम चालू आहे. छाटणीला बूट घालतो तेव्हा डावा अजून घट्ट होतो, पण नाडी बांधता येते. वडिलांना सैल पायजमा घालून न्या, आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा.