लहानपणी खाल्लेल्या मारामुळे बायपोलर होतो का? त्यावर उपचार केले तर गोळ्या सुटतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना ३४व्या वर्षी बायपोलरचं (मूड कधी टोकाचा चढतो, कधी खोल खचतो, त्या आजाराचं) निदान झालं, मूड स्थिर ठेवणारी लिथियमची गोळी चालू आहे. लहानपणी वडिलांचा पट्ट्याचा मार, खोलीत कोंडून ठेवणं हे सगळं त्यांनी सोसलंय. एका समुपदेशकाचं म्हणणं की मूळ तिथेच आहे, ते बाहेर काढलं की गोळ्यांची गरज उरणार नाही.

आधी गोळ्यांचं बोलू, कारण घाई तिथे आहे. लिथियम एकदम थांबवलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया, म्हणजे मूड टोकाचा चढण्याचा झटका, उलटण्याचा धोका खूप वाढतो, आत्महत्येचाही. डोस कमी करायचा की नाही हे फक्त सायकियाट्रिस्टने ठरवायचं. ज्यांनी औषध लिहून दिलेलं नाही त्यांनी ते बंद करायला सांगू नये, इतकं साधं आहे हे.

आता मुळाचं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ६० ते ८५ टक्के दिसतो. दुसरीकडे, २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा या रुग्णांमध्ये लहानपणीच्या छळाचं प्रमाण निरोगी लोकांच्या अडीचपटीहून जास्त निघालं. भावनिक छळाचं, म्हणजे सततचा अपमान, टोमणे, 'तू जन्मालाच का आलास' वगैरेचं, तर चौपट. पट्ट्यापेक्षा जीभ जास्त लागते, असं म्हणायला जागा आहे. तरीही मार खाल्लेल्या बहुतेकांना बायपोलर होत नाही, आणि लाडात वाढलेल्यांनाही होतो. आघाताचा, म्हणजे अशा छळाने मनावर बसलेल्या घावाचा, परिणाम जास्त दिसतो तो आजाराच्या वळणावर: तो लवकर सुरू होतो, मूडचे झटके वारंवार येतात, भास-भ्रम, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न वाढतात. म्हणून आघातावर उपचार करायचेच, पण गोळ्यांच्या जोडीने.

एक गोष्ट सासूबाईंना सवडीने विचारा. सासरे महिनाभर उत्साहात उधळपट्टी करायचे आणि मग आठ-आठ दिवस कुणाशी बोलायचे नाहीत, असं काही होतं का? मारणाऱ्या बापालाच निदान न झालेला मूडचा आजार असेल, तर जनुकं आणि मार एकाच घरातून आले. मग कशामुळे किती, हा हिशोब कुणालाच मांडता येत नाही. पण घरातला असा इतिहास डॉक्टरांना जरूर सांगा.

रोजच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: आज जे दिसतंय ते आघाताचं की मूडचं? चिडचिड, निद्रानाश, डोक्यात विचारांची गर्दी दोन्हींत असते. रात्री तीनला ते जागे असतील तर काय करतायत ते बघा. पलंगाच्या कडेला बसलेत, कडी लागलीय का पुन्हा पुन्हा तपासतायत, सकाळी गळून गेलेत आणि कुकरच्या शिट्टीने दचकतायत, तर ते बहुधा आघाताचं. तीनला कपाट रिकामं करून बसलेत, शाळेच्या ग्रुपवर नव्या धंद्याचे बेत टाकतायत आणि तीन तास झोपूनही सकाळी टवटवीत आहेत, तर तो मॅनियाकडे चाललेला रस्ता. झोप येत नाही आणि झोपेची गरजच वाटत नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आठवणीने उसळलेला राग सहसा काही मिनिटांत-तासांत ओसरतो. हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) मात्र दिवसाचा बहुतेक वेळ, सलग किमान ४ दिवस टिकतो आणि मॅनिया ७. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

यासाठी वहीत रोज एक ओळ लिहा: झोपेचे तास, मूड उणे ५ (अगदी खचलेला) ते अधिक ५ (अगदी चढलेला), गोळ्या घेतल्या का, दारू, काही विशेष घडलं का. सहा आठवड्यांत चित्र दिसू लागतं. लोक फक्त भांडण झालं त्याच दिवशी लिहितात, आणि मग वही वाचून डॉक्टरांना वाटतं की घरात रोजच भांडण आहे.

आघातावरची थेरपी, म्हणजे ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघाताभोवतीचे विचार बदलणं), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळणं) किंवा प्रोलाँग्ड एक्सपोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं), मॅनियात किंवा खोल डिप्रेशनमध्ये सुरू करू नये. मूड दोन-तीन महिने स्थिर असावा, असं माझं मत. सत्रं साधारण ६० ते ९० मिनिटांची, बहुधा ८ ते १५. बिघडतं ते इथे: सुरुवातीच्या सत्रांनंतर स्वप्नं वाढतात, झोप मोडते. इतरांना ते चार दिवसांचं असतं. बायपोलरमध्ये मोडलेली झोपच झटका आणू शकते. म्हणून सत्र सकाळचं घ्या, त्या आठवड्यात रात्रपाळी नको. सलग दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली तर पुढचं सत्र थांबवून सायकियाट्रिस्टला फोन करा. पहिल्या तीन-चार भेटी फक्त झोपेची शिस्त आणि मन वर्तमानात आणण्याच्या सरावावर जायला हव्यात. पहिल्याच भेटीत सगळं उकरून ढसाढसा रडवणाऱ्यापासून जरा लांबच राहा. भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा, आणि तो तुमच्या सायकियाट्रिस्टशी बोलायला तयार आहे का, हे आधीच विचारा.

'धसक्यासाठी' दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर लिथियम आणि बायपोलर दोन्ही सांगा. आघातासाठी सर्रास दिली जाणारी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं बायपोलरमध्ये एकटी दिली तर मॅनिया उसळू शकतो. जुन्या दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. त्याने रक्तातलं लिथियम चढतं. जुलाब, उलट्या आणि निर्जळी उपवासानेही चढतं. लिथियमच्या लेव्हलसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, एरवी आकडा फसवा येतो. हात जोरात थरथरणं, झोक जाणं, जीभ जड होणं दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणखी एका आघाताबद्दल फारसं कुणी बोलत नाही: मॅनिया स्वतःच. दोरीने बांधून गाडीत घालणं, हॉस्पिटलात भरती, झालेलं कर्ज, मुलांसमोर बोललेलं काहीबाही. बरं झाल्यावर हे सगळं आठवतं आणि तेही थेरपीत यायला हवं. तुम्ही सोसलेलंही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला आणि भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे. त्याच कायद्यात ॲडव्हान्स डायरेक्टिव्हची सोय आहे: मिस्टर बरे असताना कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि त्यांच्या वतीने कोण बोलेल, हे लेखी ठेवता येतं. एटीएम कार्ड कुणाकडे द्यायचं, हे घरातल्या घरात वेगळं ठरवा. अडचणीच्या वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

सासरे हयात असतील तर त्यांच्या जाण्याची तयारी आत्ताच मनाशी ठेवा. ज्याने मारलं त्याच्या मृत्यूनंतर काय उसळेल, सांगता येत नाही. जवळच्या माणसाच्या मृत्यूपाठोपाठ मॅनिया सुरू झालेले रुग्ण डॉक्टरांना माहीत असतात. जागरणं, धावपळ, आल्या-गेल्यांचं बघणं, आणि लोक म्हणत असतात, 'किती धीराने उभा राहिला!' त्या तेरा दिवसांत रात्री दहाला त्यांना वेगळ्या खोलीत पाठवा, गोळी स्वतः हातात द्या, आणि बाकीची कामं भावांना करू द्या.