स्क्रिप्ट गप्प होते, एरर येत नाही: टाइमआउट दिलाय का ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या गाळ्यासाठी तुम्ही पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिलीत. लूपमध्ये दर १० मिनिटांनी ती ऑनलाइन ऑर्डरी खेचते आणि हिशेबाच्या सर्व्हरवर चढवते. दोन-तीन दिवस नीट चालते आणि एखाद्या रात्री गप्प होते. लॉगमध्ये काही नाही, सीपीयू शून्य, प्रोसेस मात्र जिवंत. सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये (पायथनची एरर पकडायची सोय) गुंडाळा, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं. त्याने काही होणार नाही. एक्सेप्शन, म्हणजे एरर, येतच नाहीये, तर पकडणार काय?

तुम्ही सर्व्हरशी बोलायला पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरताय. तिच्यात आपण टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) दिला नाही तर तो नसतोच. ३० सेकंद नाही, ५ मिनिटं नाही, मर्यादाच नाही. तुमच्या कोडमध्ये गेट (माहिती मागवणं) आणि पोस्ट (माहिती चढवणं) दोन्हीकडे तो दिसत नाही.

आता अडकते कशी ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. तुमची रिक्वेस्ट गेली, उत्तराची वाट बघणं सुरू झालं. तेवढ्यात वीज गेली, राउटर बंद-चालू झाला आणि कुठलं कनेक्शन कोणाचं, याची त्याच्याकडची नोंद पुसली गेली. सर्व्हरचं उत्तर आता तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तुमच्या बाजूला मात्र कनेक्शन उघडंच आहे. पाठवायचं काही शिल्लक असतं तर टीसीपीने (कनेक्शन सांभाळणारा नेटवर्कचा थर) पुन्हा पुन्हा पाठवून बघितलं असतं आणि शेवटी हार मानून एरर दिली असती. पण तुम्ही फक्त वाचायला बसलायत. वाचणाऱ्याला समोरचा गेलाय हे कळायला काही मार्गच नाही. कीप-अलाइव्ह (समोरचा आहे का याची अधूनमधून चाचपणी) असतं, पण ते मुद्दाम चालू करावं लागतं, आणि लिनक्सवर चालू केलं तरी पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी होते.

म्हणून प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या, आणि दोन आकड्यांचा द्या: पहिला जोडणीसाठी, दुसरा वाचण्यासाठी. तुमच्या कामाला ५ आणि ३० ठीक वाटतात. सेशनच्या (अनेक रिक्वेस्टना तेच कनेक्शन वापरू देणारी रिक्वेस्ट्सची सोय) ऑब्जेक्टवर एकदाच टाइमआउट लिहून मोकळं व्हायचा मोह होईल. तसं करू नका. पायथन तक्रार करत नाही आणि लायब्ररी ते वाचतही नाही. मी स्वतः यात एक अख्खा दिवस घालवलाय. (एचटीटीपीएक्स ही तशीच दुसरी लायब्ररी वापरलंत तर ५ सेकंदांचा टाइमआउट मुळातच असतो.)

आणखी एक. वाचण्याचा टाइमआउट म्हणजे एकूण वेळ नव्हे. दोन तुकड्यांमध्ये किती वेळ शांतता चालेल, एवढंच तो मोजतो. सर्व्हरने दर २० सेकंदांनी एकेक बाइट पाठवला तर तुमचे ३० सेकंद कधीच भरणार नाहीत. एकूण वेळेला लगाम हवा असेल तर लूप काढून काम क्रॉनवर (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) टाका आणि कमांडच्या आधी लिनक्सची टाइमआउट कमांड लावा.

टाइमआउट लावलात की एरर येऊ लागतील आणि लगेच रीट्राय (आपोआप परत पाठवणं) घालावासा वाटेल. इथे थांबा. ठाण्यात वागळे इस्टेटला एका ट्रान्सपोर्टवाल्यासाठी काम करताना मी पोस्टलाही सरसकट तीनदा रीट्राय लावला होता. सर्व्हरने बिल्टी (माल पाठवल्याची पावती) नोंदवली होती, फक्त उत्तर उशिरा आलं. माझ्या कोडने परत पाठवली. दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या गोदामातून मेहताजींचा फोन: एकाच मालाच्या दोन बिल्ट्या, नंबर वेगळे, नग तेच. गाडी दुपारपर्यंत अडकून पडली. चूक माझी होती, ताटकळला ड्रायव्हर.

जोडणीचाच टाइमआउट आला तर रिक्वेस्ट पोचलेलीच नसते, बिनधास्त परत पाठवा. वाचताना टाइमआउट आला तर काम झालं की नाही हे आपल्याला सांगता येत नाही. रिक्वेस्ट्स जिच्यावर उभी आहे त्या यूआरएललिब३ लायब्ररीची रीट्राय पद्धत म्हणूनच रिक्वेस्ट निघून गेल्यावर पोस्ट आपणहून परत पाठवत नाही; काय परत पाठवायचं याच्या तिच्या यादीत पोस्ट नाही, आणि ती यादी बदलू नका. तुमच्याकडे ऑर्डर नंबर आहेच. तो सोबत पाठवा आणि हिशेबाच्या डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (तोच नंबर दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा नियम) टाका. मग तीच ऑर्डर दोनदा गेली तरी नोंद एकच राहील. गेटला रीट्राय खुशाल लावा, पण मध्ये वाढता विसावा ठेवा.

सेशन दर फेरीला नवा उघडा. एका फेरीतल्या पन्नास ऑर्डरींना तेच कनेक्शन पुरतं, प्रत्येक वेळी टीएलएसची (कनेक्शन सुरक्षित करायची) बोलणी नव्याने करावी लागत नाहीत. १० मिनिटं पडून राहिलेलं कनेक्शन समोरचा बहुधा बंद करून बसलेला असतो.

हे सगळं करण्याआधी एक विनंती. पुढच्या वेळी स्क्रिप्ट गप्प झाली की लगेच मारू नका. पाय-स्पाय (चालू पायथन प्रोसेसमध्ये डोकावणारं टूल) टाकून घ्या आणि त्या प्रोसेसचा डंप, म्हणजे ती आत्ता कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी, काढा. सगळ्यात वरच्या ओळी सॉकेट किंवा एसएसएल वाचण्याच्या असतील तर मी म्हणतोय तेच आहे. दुसरं काही दिसलं तर त्या ओळी इथे टाका, मी रात्री दहानंतर बघतो.