जीप घ्या, पण पावणेचार लाखांना नको

तुम्ही विचारलंय की मंगळवेढ्याच्या शेतावर जायला 1988 ची महिंद्रा एमएम 540 मिळतेय, मालक पावणेचार लाख सांगतोय, तर सहा लाखांची मुदत ठेव मोडून ती घ्यावी का? पावसात काळ्या रानात तुमची छोटी गाडी रुतते हे खरंच. पण वडिलांकडे तशीच जीप होती हेही तुम्ही लिहिलंय, आणि मन तिथे अडकलंय हे मला कळतं. त्यात गैर काहीच नाही.

तुमचा घरखर्च महिन्याला 38 हजार. सहा महिन्यांचे 2 लाख 28 हजार बाजूला राहिलेच पाहिजेत. उरतात 3 लाख 72 हजार. मुलीच्या शिक्षणाचे पैसे पीपीएफमध्ये वेगळे आहेत, म्हणून हा विचार तरी करता येतो. सांगितलेल्या किमतीत मात्र सगळी रक्कम मालकाकडे जाते आणि पहिल्या दुरुस्तीला घरातलं सोनं गहाण ठेवावं लागेल. याला माझा स्पष्ट विरोध आहे. गाडी, कागदपत्रं, विमा आणि पहिल्या वर्षाचं काम, सगळं मिळून 3 लाख 70 हजार, त्यापुढे एक रुपया नाही. हीच रक्कम सात टक्क्यांनी पाच वर्षं राहिली तर 5 लाख 19 हजारांच्या आसपास होते, हेही घरात बोलून घ्या.

किंमत ठरेल ती गाडीखाली वाकून पाहिल्यावर. सकाळी जा, आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला सांगून ठेवा. बॉनेट हाताला गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सुरू केल्यावर निळा धूर थांबतच नसेल तर तेल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम आहे. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडा. भसाभस वाफारा आला तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलंय. झाकणाच्या आत दुधाळ चिकटा असेल तर तेलात पाणी शिरतंय.

मग चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे टांगलेत तिथे आणि शेवटच्या आडव्या पट्टीवर छोटी हातोडी वाजवा. खणखणीत आवाज हवा. भद्द आला तर आतून गंज आहे. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला की मी जास्त सावध होतो.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सोय, मातीतच तपासा. डांबरी रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांना ताणतात आणि गिअरवर जोर येतो. बांधाजवळच्या चढावर लो गिअर टाका आणि पुढची चाकं खरंच ओढतात का ते बाहेरून कुणाला तरी पाहायला सांगा. काही जुन्या जीपचा पुढचा शाफ्टच काढून टाकलेला असतो, लिव्हर मात्र हलतो. पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागल्यावर स्टीअरिंग थरथरत राहिलं तर किंगपिनचा, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचा, खर्च धरा.

आता कागद. चेसिस नंबर स्वतः घासून आरसीशी ताडून पाहा. या मॉडेलला पूजो एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन, 2112 सीसीचं. दुसरं इंजिन बसवलेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा, म्हणजे गाडीत केलेल्या बदलांचा, प्रश्न येतो. अशी गाडी कुठल्याच किमतीला नको. पासिंग वेळच्या वेळी होत आलं असेल तर पुढचं नूतनीकरण 2028 मध्ये येईल. वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनाला ऑगस्ट 2025 पासून त्याची फी 10 हजार झाली आहे. नोंदणी तुमच्या आरटीओची नसेल तर आधी जिथे आहे तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) मागा.

आणि ‘व्हिंटेज’ शब्दाचे जास्त पैसे देऊ नका. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुम्हाला तर शेताला जायचंय.

चेसिस आणि कागद चोख असतील तर पावणेतीन लाखांपर्यंत जा. 95 हजार टायर, विमा, नाव बदलणं आणि कामासाठी राहतात. इंजिन उघडावं लागणार असेल तर तो खर्च पावणेतीनातूनच वजा करा. मिस्त्री तुमच्या ओळखीचा न्या, मालकाच्या नको. दीड-दोन हजार मागितले तरी द्या, आणि त्याचा अंदाज कागदावर येईपर्यंत इसार देऊ नका.