डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्या कमी करायला काय लावावं? (वय 38, राहणार लातूर)

आधी ऊन अडवा, क्रीमचं नंतर बघू. डोळ्यांभोवतीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि तिथं तेलग्रंथी कमी, म्हणून ती लवकर सुकते. त्यात मराठवाड्यातला चैत्र-वैशाखाचा फुफाटा! उन्हात डोळे बारीक करून गाडी चालवली की रोज त्याच जागी घडी पडते. ‘यूव्ही 400’ (म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा) लिहिलेला, कडेनंही झाकणारा गॉगल घ्या. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वरचं आणि झिंक ऑक्साइडचं बघा; घामासोबत डोळ्यांत उतरलं तरी ते कमी झोंबतं.

रात्री तोंड धुऊन रुमालानं नुसतं टिपा, चोळू नका. कातडी किंचित ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. एका डोळ्याला मुगाच्या दाण्याएवढं पुरे. करंगळीशेजारच्या बोटानं, खालच्या हाडावरून हलकं थापत न्या. पापणीच्या केसांपर्यंत नेलं तर रात्रीत क्रीम डोळ्यांत पसरतं आणि सकाळी डोळे सुजलेले दिसतात.

हे महिनाभर सोसलं तर 0.1 टक्का रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) क्रीम, आठवड्यातून दोनच रात्री, मॉइश्चरायझरवरून लावा. फरक दिसायला तीनेक महिने लागतात. आग झाली, साल निघाली तर थांबा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल नकोच.

लिंबू, खायचा सोडा डोळ्यांजवळ कृपा करून लावू नका, कातडी भाजते. हसताना पडणाऱ्या खोल रेषा मात्र क्रीमनं जात नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच गाठा.