रऊबेन-गादांनी केला तो ‘करार’ की दिला तो ‘शब्द’?

प्रश्न असा आहे: ‘रऊबेन आणि गाद या वंशांनी मोशेशी करार केला’ असं वाक्य बायबलबद्दल लिहिताना चालेल का, की वचन, शपथ, अट यांतला एखादा शब्द हवा?

चालेल, पण मी तसं लिहिणार नाही.

प्रसंग बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायातला. मोशे इस्राएलच्या वंशांना घेऊन यार्देन नदीपलीकडचा कनान देश जिंकायला निघाला आहे. त्यांतल्या रऊबेन आणि गाद या दोन वंशांकडे गुरंढोरं भरपूर. यार्देनच्या पूर्वेचा याजेर-गिलादचा मुलूख त्यांना चराईसाठी आवडला आणि ते म्हणाले, आम्हाला इथेच राहू द्या, नदीपार नेऊ नका. मोशे भडकला. भाऊबंद लढाईला जाणार आणि तुम्ही इथे बसून राहणार? मग तोड निघाली: बायकामुलं आणि गुरं इथे ठेवायची, पुरुषांनी हत्यारबंद होऊन सगळ्यांच्या पुढे नदी उतरायची, बाकीच्या वंशांना वतन मिळेपर्यंत घरी परतायचं नाही.

बायबलच्या पहिल्या भागाचं नाव ‘जुना करार’, त्यातला करार म्हणजे हिब्रू ‘बरीथ’. हिब्रूत बरीथ करत नाहीत, ‘कापतात’. बायबलच्याच ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून समोरासमोर मांडले आहेत आणि त्या तुकड्यांमधून जळती मशाल जाते. (आपल्याकडे काडी मोडली की नातं तुटतं, तिकडे कापून जोडतात!) आपला ‘करार’ अरबी, ‘मुक्रर’चा सख्खा भाऊ, ठरलं, पक्कं झालं, एवढंच तो सांगतो.

गणना ३२मध्ये ‘बरीथ’ एकदाही येत नाही. ते वंश शपथही घेत नाहीत. मोशे त्यांना म्हणतो, तुमच्या तोंडातून निघालं आहे ते करा. दोनच अध्याय आधी, नवसाच्या नियमात, जवळपास हेच शब्द आहेत. म्हणजे नुसतं बोलणंही नवसाइतकं बांधून ठेवतं. याला मराठीत ‘शब्द देणे’च म्हणतात.

एक गंमत. ते म्हणाले होते, ‘गुरांसाठी मेंढवाडे आणि मुलांसाठी नगरं बांधू.’ मोशे मान्य करताना क्रम उलटवतो: आधी मुलांसाठी नगरं, मग मेंढवाडे. गुरांआधी मुलं! जुन्या यहुदी भाष्यकारांनी हा टोमणा बरोबर पकडला आहे.

‘अट’ मात्र इथे हक्काने बसते. मोशे दोन्ही बाजू बोलून दाखवतो: नदी उतरलात तर गिलाद तुमचा, नाही उतरलात तर इतरांबरोबर कनानात वाटा घ्या. मिश्ना या जुन्या यहुदी कायदेसंग्रहात रब्बी (धर्मगुरू) मेईर यांचं मत नोंदलं आहे की गाद आणि रऊबेनच्या वंशजांच्या अटीसारखी नसेल ती अटच नव्हे. यहुदी कायद्यात अशा दुहेरी अटीला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

पुढे ‘यहोशवा’च्या (मोशेनंतरच्या पुढाऱ्याच्या) पुस्तकात हे लोक, मनश्शेचा अर्धा वंशही सोबत घेऊन, सुमारे ४०,००० हत्यारबंद नदी उतरले. तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘रऊबेन आणि गाद यांनी मोशेला शब्द दिला आणि त्या शब्दाला ते जागले.’ ‘करार’ राखून ठेवा तो यहोशवाच्या २४व्या अध्यायासाठी. तिथे शखेम नगरात सगळ्या वंशांना जमवून यहोशवा खरोखरच बरीथ ‘कापतो’ आणि साक्षीला एक मोठा धोंडा उभा करतो.